‘मग दुकानात ठेवता कशाला?’

वाचकाचं पत्र: ‘नमस्कार ताई. पारोळा तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून मुलीनं उंची वाढवणाऱ्या पावडरचा हट्ट धरलाय. मोबाइलवर रोज तीच जाहिरात. परवा वैतागून म्हणालो, जाहिरातीत सगळं खोटंच असतं. ती म्हणाली, “मग आपल्या दुकानात ठेवता कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. तिच्या शाळेत मागे एक कंपनीवाला येऊन पुड्या वाटून गेला. इकडे आमची आई गुडघ्यांसाठी आठवडे बाजारातल्या तंबूतून जडीबुटी आणते आणि नातीला सांगते, “मी सवता देखेल शे, गुण येस.” पोरांना या जाहिरातींपासून वाचवायचं कसं? आणि माझ्या धंद्याचं काय करू?’

भाऊ,

आधी मुलीचा प्रश्न घेते, कारण तुमच्या प्रश्नांपेक्षा तो जास्त नेमका आहे. त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पोरीसमोर म्हणायला जड जातंय एवढंच. डबा विकला जातो म्हणून ठेवता. तेच सांगा. ‘लोक मागतात, दोन पैसे सुटतात. दुधात टाकली की दूध नको म्हणणारी पोरंही पेला रिकामा करतात. त्यात माल्ट आहे, साखर आहे, थोडी जीवनसत्त्वं आहेत. उंचीचं मात्र मी कुणाला सांगत नाही.’ हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. गिऱ्हाइकाला ‘घेऊन जा वहिनी, पोरगं उंच होईल’ म्हणत असाल, तर पोरीनं ते गल्ल्यामागे बसून केव्हाच ऐकलेलं असणार.

‘सगळं खोटंच असतं’ हे मात्र मागे घ्या. तुम्ही वैतागून बोललात हे कळतं, पण ज्या पोराला सगळंच खोटं वाटतं ते विचार करायला शिकत नाही. आज पावडर खोटी, उद्या लस खोटी, परवा शाळेत मिळणारी लोहाची गोळीही खोटी. ‘डॉक्टर तुमच्यापासून काय लपवतात’ असले व्हिडिओ करणाऱ्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं. मुलीला नकार शिकवू नका, तपासणं शिकवा. आणि तपासायला तुमच्या दुकानाइतकी सोयीची जागा अख्ख्या शाळेत नाही.

सुरुवात ओआरएसच्या पुडीपासून करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा ती पुडी दुकानात असणारच. तिच्यावर काय लिहिलंय ते मुलीला वाचू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लीटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. बस, एवढंच. हिची जाहिरात कुणी हिरो करत नाही. पण १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांना पाजायला लावलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पोरीला ही गोष्ट नुसती गोष्ट म्हणून सांगा, तात्पर्य काढू नका.

मग त्याच फळीवरचं, नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं घातलेलं एखादं गोड पेय कुठे मागे उरलं असेल तर ते काढा. वर्षानुवर्षं ही पेयं औषधाच्या दुकानांतूनही विकली गेली, आयांनी जुलाब लागलेल्या लेकरांना पाजली. साखर जास्त गेली की जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ही अक्षरं वापरायची नाहीत. पुडी आणि त्या पेयाचा खोका शेजारी ठेवून साखरेचे आकडे मुलीला वहीत उतरवू द्या. एकाच फळीवर एक खरी वस्तू आणि एक तिच्या नावावर खाणारी. ‘सगळं खोटं’ म्हणणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही.

आता उंची. इथे मुलीला एकच प्रश्न पाठ झाला तरी पुरे: कशाच्या तुलनेत? बनगावच्या आकड्याला अर्थ आहे, कारण त्याच्याआधीचा आकडा आपल्याकडे आहे. ‘पावडर घेतली आणि वर्षात इतकी उंची वाढली’ याला तसा अर्थ नाही. मुलं वयात येण्याआधी वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतातच, आणि मुली वयात येताना वर्षभर त्याहून झपाट्यानं वाढतात. तुमची लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. आज पावडर सुरू केलीत तर पुढच्या वर्षी ती नक्की उंच झालेली असेल, श्रेय डब्याला जाईल, आणि धाकट्यासाठी तुम्ही दुसरा डबा उघडाल.

तिला विचारा, पावडरनं उंची वाढते की नाही हे खरंच शोधायचं तर तू काय करशील? लगेच उत्तर सांगू नका, दोन दिवस घोळू द्या. बहुतेक मुलं पहिल्यांदा म्हणतात, एकाला द्यायची, एकाला नाही. मग तुम्ही म्हणा, ज्याला दिली त्याचे आईवडीलच उंच असतील तर? मग ती म्हणेल, पुष्कळ मुलं घेऊ. कुणाला द्यायची ते कोण ठरवणार? बाईंनी ठरवलं तर त्या लाडक्यांना देतील. असं करत करत ती चिठ्ठ्यांपर्यंत येते: वर्गातल्या चाळीस जणांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, वीस जणांना पावडर, वीस जणांना नाही. इथे तुम्ही आणखी एक खोच काढा. त्या दुसऱ्या वीस जणांना काहीच द्यायचं नाही का? पहिल्यांना रोज पेलाभर दूध जास्तीचं मिळतंय. मग दुसऱ्यांनाही साधं दूध द्यायला हवं, नाही तर उंची दुधानं वाढली की पावडरनं ते कळणार कसं? डब्यावरचा बारीक अक्षरांतला मजकूर तेव्हा बघा. पुष्कळ डब्यांवर फायद्याच्या दाव्याशेजारी चांदणी असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दुधासोबत घेतल्यास’. पोरगी ती चांदणी स्वतः शोधेल तेव्हाचा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे सातवीच्या मुलीला झेपेल का, असं वाटत असेल तर युगांडाचा दाखला देते. तिथे १२० प्राथमिक शाळांत दहा हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. मुलं बहुतेक १० ते १२ वर्षांची. निम्म्या शाळांत एका सत्रात चित्रकथेच्या पुस्तकातून हेच शिकवलं: अमक्याला गुण आला म्हणजे औषध लागू आहे असं नाही, नवं आणि महाग म्हणजे चांगलं असं नाही, पुष्कळ लोक वापरतात हा पुरावा नाही, तुलना सारख्यांची सारख्यांशी करायची. कोणत्या शाळेत शिकवायचं हेही चिठ्ठ्या टाकावं तसंच ठरवलं होतं. चाचणीत शिकवलेल्या मुलांपैकी ६९ टक्के पास झाली, न शिकवलेल्यांपैकी २७ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७मध्ये हे छापून आलं. त्या शाळांत एकेका वर्गात मुलं खच्चून भरलेली होती, सोयीसुविधा आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा कमीच. तेव्हा पारोळ्यात हे का होऊ नये?

तिच्या उंचीची काळजी मात्र चेष्टेत नेऊ नका. वर्गात बुटकं असणं त्या वयात मोठं दुखणं असतं, आणि जाहिरात नेमकी त्याच जागी बोट ठेवते. तिला एक गणित करायला द्या. आईची आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, दोननं भागायचं, मुलीसाठी त्यातून साडेसहा वजा करायचे. साधारण त्या आकड्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर मागेपुढे तिची मोठेपणीची उंची जाईल. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करा, सहा महिन्यांनी पुन्हा करा. वर्षात चार-पाच सेंटिमीटरही वाढली नाही, तर पावडर नको आणि वाट बघणंही नको, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडसारखी कारणं रक्ततपासणीत सापडतात आणि त्यांवर खरं औषध आहे. पाळी सुरू झाल्यावर साधारण दोनेक वर्षांत हाडांची टोकं जुळत येतात आणि उंची जवळपास थांबते. तिथून पुढे कुठलीही पावडर काही करू शकत नाही.

दुकानात तराजू आहेच, तो वापरा. डब्यामागे शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते लिहिलेलं असतं. तेवढी साखर तिला कागदावर तोलू द्या. बोर्नव्हिटाच्या शंभर ग्रॅममध्ये ३७ ग्रॅमच्या वर साखर घातलेली असायची. २०२३मध्ये एका व्हिडिओवरून गदारोळ झाला, वर्षअखेरीस कंपनीनं ती ३२च्या आसपास आणली. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. तराजूत तिसरा हिस्सा साखर बघितली की मला वाटतं व्याख्यानाची गरज उरत नाही. मग शेंगदाणे तोला. शंभर ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं. भाव तुमच्याच पाटीवर आहे, किलोमागे दोन्हींची बेरीज-वजाबाकी ती करेल. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, तो का घालत असतील हेही तिला आजीलाच विचारू द्या. घरचं ते सगळं अमृत असं मात्र मला म्हणायचं नाही. नुसत्या शेवभाजीवर वाढणाऱ्या पोराला दूध, अंडं, डाळ लागतंच.

हॉर्लिक्सचा एक किस्सा मुलांना फार आवडतो. आपल्याकडे ते पिऊन पोरं उंच, बळकट, हुशार होतात असं कित्येक वर्षं दाखवलं गेलं. इंग्लंडमध्ये याच नावाचं पेय रात्री झोपताना घ्यायचं, शांत झोप लागावी म्हणून, अशा जाहिरातींवर पिढ्यान्पिढ्या विकलं गेलं. २००८मध्ये आपल्याकडच्या धर्तीची जाहिरात एका नेपाळी वाहिनीवरून ब्रिटनमध्ये दिसली, तर तिथल्या जाहिरात नियामकांनी पुरावा नाही म्हणून ती पुन्हा दाखवायला मनाई केली. कंपनीचं म्हणणं, ती बांगलादेशसाठी होती. मुलीला विचारा, मग बांगलादेशच्या मुलांची हाडं वेगळी असतात का?

धाकटा दुसरीत आहे, त्याच्यामागे यातलं काही लावू नका. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना समोरचा आपल्याला काही विकू बघतोय हेच धड उमगत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००४मध्येच हे मांडून इतक्या लहानांना उद्देशून जाहिराती करण्यावर मर्यादा मागितल्या होत्या. त्याच्यासाठी मोबाइल कमी आणि ‘ही जाहिरात आहे बरं का, त्यांना ते विकायचंय’ एवढं एक वाक्य दरवेळी. हवं तर एक खेळ खेळा. एकाच कढईतले केळीचे वेफर्स घ्या, थोडे चकचकीत पाकिटात घाला, थोडे रद्दीच्या पुडीत. कुठले चविष्ट, विचारा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर असा प्रयोग अमेरिकेत २००७मध्ये झाला होता, तेव्हा नामांकित कंपनीच्या वेष्टनात दिलेली गाजरंसुद्धा मुलांना जास्त चांगली लागली. तुमचा धाकटाही पाकीटच निवडेल. थोरलीला ते बघू द्या, आणि मग तिचीही डोळे बांधून परीक्षा घ्या, नाही तर ती भावाला वर्षभर चिडवेल.

आता आई. इथे मी जरा सावध बोलते, कारण सातवीतली मुलगी चार गोष्टी शिकली की पहिला वार आजीवर करते. तिला सांगा, आजीला खोटं पाडायचं नाही, आजीबरोबर शोधायचं. ‘मी सवता देखेल शे’ हे आजी खरंच बोलतेय, तिनं पाहिलंय. प्रश्न एवढाच की ज्यांना गुण आला नाही, ते पुन्हा तंबूवाल्याला सांगायला जातात का? आणि पुढच्या बाजाराला तंबू तिथे असतो का? सांधेदुखी कमी-जास्त होतच असते. माणूस औषधाला जातो तो सगळ्यांत दुखत असतं तेव्हा, त्यानंतर थोडं बरं वाटणारच. आजीनं दिवाळीपर्यंत रोजचं दुखणं दहापैकी किती ते नातीकडून कॅलेंडरवर लिहून घ्यावं. दोघींनाही ते काम आवडेल.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या सापडतात. दोन-तीन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम, मग चेहऱ्यावर सूज, वजन वाढणं, साखर किंवा रक्तदाब चढणं, असं काही असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस घेत असतील तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका; स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ यावर मुलीला आपल्या बांधावरचा धोत्रा आणि कण्हेर दाखवा, पुढे काही बोलायची गरज नाही.

आता धंदा. डबे फेकून द्या असं मी सांगणार नाही. तुमचं घर त्यावर चालतं आणि ती वस्तू विष नाही. पण दुकानातली पोस्टरं एकदा नजरेखालून घाला. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूनं मधुमेह बरा होतो, लठ्ठपणा जातो, उंची वाढते अशी जाहिरात करायला १९५४च्या ‘औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायद्यानं मनाई आहे. उंची त्या यादीत नावानिशी आहे. आणि कायद्याची भाषा अशी आहे की अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुणीही भाग घ्यायचा नाही. सूचनापत्र, लेबल, वेष्टन सगळं जाहिरातीत धरलंय. म्हणजे कंपनीनं छापलेलं पोस्टर भिंतीवर लावणारा दुकानदारही मोकळा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हा कायदा खाद्यपदार्थांना लागू नाही. त्यांच्यासाठी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीत, पुरेसा शास्त्रीय पुरावा नसताना, अमुक खाल्ल्यानं बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असं म्हणायला बंदी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि ती करणारा नटही त्यातून सुटत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मोबाइलवरच्या ज्या जाहिरातीनं घरात भांडण लावलं, तिचा स्क्रीनशॉट काढून तक्रार मुलीलाच लिहू द्या, तुमच्या नावानं. उत्तर येईल न येईल, पण दाव्यात नेमकं काय म्हटलंय ते दोन ओळींत लिहिताना तिला ते तीनदा वाचावं लागेल.

पुढच्या बसप्रवासात धुळ्यापर्यंत भिंतींवरच्या जाहिराती वाचायला सांगा. मूळव्याध, मुतखडा, वजन, केस. ‘गॅरंटी’ किती ठिकाणी लिहिलंय आणि पत्ता किती ठिकाणी, हे तिनं मोजावं. पांढरा कोट घातलेला माणूस दिसला तर लक्षात आणून द्या की २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला असं एखाद्या औषधाच्या प्रचारात नाव किंवा फोटो देता येत नाही. मग कोटातला तो कोण, हे ती ठरवेल.

राहिली शाळा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला किंवा त्यांची जाहिरात करायला मनाई आहे. मुख्याध्यापकांना हे माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यावर कागदपत्रांचं ओझं असतं आणि फुकट वाटपाला कोण नाही म्हणतं? तेव्हा तक्रारीच्या सुरात नको. पुडीवरचा साखरेचा आकडा दाखवा, हा नियम सांगा, आणि पुन्हा कुणी असं वाटायला आलं तर आधी पालकांना विचारा एवढंच मागा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की जाऊन भेटा. पुडी रिकामी असली तरी सोबत न्या.